दिवाळं निघालेला हॉटेलवाला ते राजाचा चंपीवाला : शेख दीन मुहम्मद यांची गोष्ट

आपल्या घरातल्या मोरीत शाम्पूची पुडी असते. हा शब्द इंग्रजीत आपल्याकडूनच गेला. हिंदुस्तानीत 'चाँपना' म्हणजे दाबणं, रगडणं. त्यातूनच आपली 'चंपी' आली आणि त्यातूनच इंग्रजांचा 'शाम्पू'. इंग्लंडमध्ये हा शब्द लोकांच्या तोंडी बसवण्यात सगळ्यात मोठा वाटा होता पाटण्याच्या एका मुस्लिम घरात जन्मलेल्या माणसाचा. त्यांचं नाव शेख दीन मुहम्मद. इंग्रजी कागदपत्रांत ते 'साके डीन महोमेद' असं सापडतं.

त्यांची ओळख करून देताना सहसा मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या जातात. इंग्रजीत पुस्तक लिहून छापणारे पहिले भारतीय. लंडनमध्ये भारतीय माणसाने काढलेल्या पहिल्या भारतीय हॉटेलचे मालक. इंग्लंडच्या दोन राजांचे मालिशवाले. हे सगळं खरं आहे. पण या यादीत एक गोष्ट मागे पडते. ते हॉटेल दोन वर्षांत बुडालं होतं. त्या वेळी दीन मुहम्मद ५३ वर्षांचे होते, परमुलखात होते, पदरी बायको-मुलं होती आणि सरकारदरबारी त्यांची नोंद दिवाळखोर म्हणून झाली होती.

आपल्याकडे कुणी बिर्याणीची गाडी लावतं, कुणी टेलरिंगचं दुकान टाकतं, कुणी सलून किंवा गॅरेज. त्यातलं एखादं बंद पडलं की घरात आणि मोहल्ल्यात त्या माणसाकडे बघण्याची नजरच बदलते. म्हणून दीन मुहम्मद यांच्या आयुष्यातला हा बुडीत भाग आधी समजून घ्यायला हवा.

पाटणा ते आयर्लंड

दीन मुहम्मद यांचा जन्म १७५९ मध्ये पाटण्यात झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होते. १७६९ मध्ये वसुलीच्या एका मोहिमेत ते मारले गेले. वडिलांचं छत्र हरपलं तेव्हा दीन मुहम्मद जेमतेम दहा-अकरा वर्षांचे होते. आईचा विरोध असतानाही हा मुलगा फौजेच्या तळावर गेला आणि कप्तान गॉडफ्रे बेकर या आयरिश अधिकाऱ्याच्या आश्रयाने राहू लागला.

पुढची पंधरा वर्षं तळावर गेली. फौजेसोबत चालणाऱ्या बाजाराची व्यवस्था त्यांनी पाहिली, मग जमादार झाले, नंतर सुभेदार. हजारो माणसांच्या तळाला रसद कशी पुरते, भाव कसे ठरतात, कोणाचं काय अडतं, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. बाजाराची समज त्यांना इथूनच आली.

१७८२ मध्ये बेकरवर गावकऱ्यांकडून जबरदस्तीने पैसे उकळल्याचा आरोप झाला आणि त्याला मोहिमेवरून परत बोलावलं गेलं. त्याने नोकरी सोडली. दीन मुहम्मद यांनीही सोडली. १७८४ मध्ये ते बेकरबरोबर जहाजाने इंग्लंडमार्गे आयर्लंडच्या कॉर्क शहरात पोहोचले. तिथे ते इंग्रजी शिकले.

१७८६ मध्ये त्यांनी जेन डेली या आयरिश मुलीशी पळून जाऊन लग्न केलं. तिथल्या कायद्यात प्रोटेस्टंट मुलीला दुसऱ्या धर्माच्या माणसाशी लग्न करता येत नव्हतं. त्यासाठी दीन मुहम्मद यांनी प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. हे झाकून ठेवायचं कारण नाही. नाव मात्र त्यांनी बदललं नाही. उलट पुढे म्हातारपणाकडे झुकताना नावाआधी 'शेख' लावायला सुरुवात केली आणि त्यांच्या एका नातवाचं नाव अकबर होतं.

कॉर्कमध्ये असताना १७९४ मध्ये त्यांचं प्रवासवर्णन दोन भागांत छापून आलं. हिंदुस्थानातल्या आठवणी त्यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात मांडल्या होत्या. छपाईचा खर्च अंगावर घेण्याऐवजी त्यांनी आधी लोकांकडे जाऊन नावं नोंदवून घेतली. ३२० जणांनी पुस्तक हातात पडण्याआधीच पैसे भरले. माल तयार करण्याआधी गिऱ्हाईक पक्कं करायचं, हा धडा त्यांना तेव्हाच मिळाला होता. पुढे लंडनमध्ये नेमका तोच ते विसरले.

१७९९ मध्ये लखनौचे प्रसिद्ध प्रवासी मिर्झा अबू तालिब खान कॉर्कला आले होते. त्यांनी आपल्या सफरनाम्यात दीन मुहम्मद यांचा, त्यांच्या स्वतंत्र घराचा आणि देखण्या मुलांचा उल्लेख केला आहे. म्हणजे कॉर्कमध्ये त्यांचं बरं चाललं होतं.

लंडनचं हॉटेल

१८०७ च्या सुमारास हे कुटुंब लंडनला आलं. पोर्टमन स्क्वेअर हा तिथला श्रीमंत भाग. हिंदुस्थानात पैसा कमावून परत गेलेले कितीतरी इंग्रज तिथे राहत होते. त्यांच्यातल्याच बेसिल कॉक्रेन याने आपल्या घरात वाफेचं स्नानगृह उभारलं होतं. दीन मुहम्मद तिथे नोकरीला लागले. वाफारा आणि चंपी यांची सांगड इंग्लंडमध्ये घालता येईल, हे त्यांना इथे दिसलं असावं. पण त्या वेळी डोक्यात दुसरीच कल्पना होती.

१८१० मध्ये त्यांनी ३४, जॉर्ज स्ट्रीट या पत्त्यावर 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' उघडलं. नावात कॉफी होती, तरी खरा जोर हिंदुस्तानी जेवणावर आणि हुक्क्यावर होता. बसायला बांबू-वेताचे कोच, भिंतींवर हिंदुस्थानातली चित्रं, हुक्क्यासाठी वेगळी खोली आणि तंबाखू अस्सल. मार्च १८११ मध्ये त्यांनी 'टाइम्स' या वर्तमानपत्रात जाहिरातही दिली. जेवणाचं कौतुक झालं. चव उत्तम होती, मांडणी उत्तम होती.

तरीही गल्ला भरेना. भांडवल थोडं होतं आणि थाट मोठा. एक भागीदार घेतला, तरी भागेना. १८१२ मध्ये दीन मुहम्मद यांना दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्यात हॉटेल त्यांच्या हातून गेलं. पण बंद पडलं नाही! दुसऱ्यांच्या हाताखाली ते त्याच नावाने पुढे वीसेक वर्षं चालू राहिलं. आपण उभं केलेलं दुकान दुसरा चालवतोय हे बघणं किती कठीण असतं, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळतं.

नेमकं चुकलं कुठे?

'नशीब खराब होतं' म्हणून हा विषय सोडून देता येतो. पण नीट पाहिलं तर तीन कारणं दिसतात.

पहिलं गिऱ्हाइकाचं. दीन मुहम्मद यांचा सगळा भरवसा हिंदुस्थानातून परतलेल्या इंग्रजांवर होता. कढी-भाताची चव त्यांच्या जिभेवर होती हे खरं. पण ज्यांना हॉटेलचा खर्च परवडत होता, त्यांच्या घरात स्वयंपाकी होते, काहींनी तर ते हिंदुस्थानातूनच आणले होते. त्यांना हवं ते घरी बसून मिळत होतं. आणि ज्यांना ही चव माहीतच नव्हती, ते एवढा खर्च करून कशाला येतील?

दुसरं जागेचं. कंपनीचे व्यापारी, जहाजांचे कप्तान यांची उठबस लंडनच्या व्यापारी भागात होती. तिथे 'जेरुसलेम कॉफी हाउस' बऱ्याच वर्षांपासून जम बसवून होतं. कामाच्या गप्पा, जहाजांच्या बातम्या, सौदे हे सगळं तिथे चालायचं. पोर्टमन स्क्वेअरला लोक राहायचे, कामधंद्यासाठी बसायचे नाहीत. आपल्याकडे असं म्हणता येईल, की मसाल्याचं दुकान बाजारपेठ सोडून बंगल्यांच्या गल्लीत टाकलं.

तिसरं पैशाचं. धंदा स्थिरावेपर्यंत दोन-तीन वर्षं तग धरायला जी शिल्लक लागते, ती त्यांच्याकडे नव्हती. सुरुवातीची रक्कम सजावटीत आणि जागेत गेली. गिऱ्हाईक हळूहळू वाढलं असतं, भाडं आणि देणेकरी मात्र थांबणारे नव्हते. हॉटेल पुढे टिकलं, यावरूनच कळतं की कल्पना साफ चुकीची नव्हती. मालकाचा दम कमी पडला.

नोकरीची जाहिरात

१८१३ मध्ये दीन मुहम्मद यांनी पुन्हा वर्तमानपत्रात जाहिरात दिली. या वेळी ती हॉटेलची नव्हती. एखाद्या घरात मुख्य नोकर म्हणून किंवा एकट्या साहेबाचा खासगी नोकर म्हणून काम हवं होतं. बाजारहाट आणि स्वयंपाकघराचं काम आपल्याला उत्तम जमतं, असं त्यांनी कळवलं होतं.

या जाहिरातीत एक गोष्ट लक्ष वेधून घेते. त्यांनी आपलं नाव दिलं आणि आपण पूर्वी हिंदुस्तानी कॉफी हाउसचे होतो, हेही सांगितलं. बुडालेलं हॉटेल त्यांनी लपवलं नाही. त्यातून आलेला अनुभव हीच आपली पात्रता म्हणून पुढे ठेवली. एकेकाळचा सुभेदार, पुस्तकाचा लेखक आणि हॉटेलमालक ५४ व्या वर्षी दुसऱ्याच्या घरी चाकरी मागत होता. घर चालवायचं असेल तर हलाल कामाची लाज कसली?

ब्रायटनचा वाफारा

१८१४ मध्ये दीन मुहम्मद आणि जेन समुद्रकाठच्या ब्रायटन गावी गेले. मच्छीमारांचं हे गाव एव्हाना श्रीमंतांचं हवा खाण्याचं ठिकाण झालं होतं. युवराज जॉर्जचा महाल तिथेच होता आणि त्यावर हिंदुस्थानी थाटाचे घुमट चढवण्याचं काम लवकरच सुरू होणार होतं. संधिवात, लकवा, अंगदुखी यांनी त्रासलेले लोक समुद्रस्नानासाठी ब्रायटनला येत. म्हणजे दुखणं घेऊन, खिशात पैसा घेऊन आणि हाताशी वेळ घेऊन गिऱ्हाईक तिथे आपणहून येत होतं.

दीन मुहम्मद यांनी या वेळी घाई केली नाही. आधी दुसऱ्याच्या स्नानगृहात काम केलं. सोबत दंतमंजन, केसांचा कलप अशा किरकोळ वस्तू विकल्या. मग वाफारा आणि चंपीचा स्वतःचा उपचार सुरू केला. पद्धत अशी होती : आधी औषधी वनस्पती घातलेल्या वाफेत माणसाला बसवायचं. घाम भरपूर आला की फ्लॅनेलच्या तंबूत घ्यायचं. तंबूला बाहेरून बाह्या जोडलेल्या असत. त्यांतून हात आत घालून मालिश करणारा सांधे आणि स्नायू रगडून काढी.

लोकांना सुरुवातीला हे चमत्कारिक वाटलं. परदेशी माणूस अंगाला हात लावणार, उकळत्या वाफेत बसवणार, म्हणजे काय? डॉक्टरांनीही नाकं मुरडली. दीन मुहम्मद यांनी यावर वाद घातला नाही. काही रोग्यांवर त्यांनी फुकट उपचार केले. बरं वाटलं की ते लोक आपापल्या कुबड्या तिथेच ठेवून जात. दीन मुहम्मद यांनी त्या कुबड्या दर्शनी जागेत मांडून ठेवल्या. येणाऱ्याला आधी त्या दिसत. रोग्यांची आभाराची पत्रं गोळा करून त्यांनी १८२० मध्ये छोटं पुस्तक काढलं आणि १८२२ मध्ये चंपीवर मोठं पुस्तक. त्याच्या पुढेही आवृत्त्या निघाल्या.

पैशाच्या बाबतीतही या वेळी पद्धत वेगळी होती. ज्याच्याकडे भांडवल होतं अशा माणसाशी भागीदारी झाली. किंग्ज रोडवर, थेट समुद्रासमोर, 'महोमेद्स बाथ्स' ही मोठी इमारत उभी राहिली. पुरुषांचा विभाग दीन मुहम्मद पाहत, बायकांचा विभाग जेन. नवरा-बायको मिळून चालवलेला हा धंदा होता, हे विसरून चालणार नाही. चौथा जॉर्ज आणि त्याच्यानंतर चौथा विल्यम, या दोन्ही राजांनी त्यांना आपला खास चंपीवाला म्हणून नेमलं. पुढे लंडनमध्येही शाखा निघाली आणि ती त्यांच्या मुलाने सांभाळली.

लंडनमधली तीनही कारणं इथे उलटी झाली होती. गिऱ्हाइकाला घरी मिळत नाही अशी गोष्ट त्यांनी विकायला ठेवली. गिऱ्हाईक आधीच जिथे येत होतं तिथे दुकान टाकलं. आणि पैसा ज्याच्याकडे होता त्याच्याकडून घेतला, स्वतःचं कसब त्यात घातलं. हे कसब नवीन नव्हतं. कॉक्रेनच्या नोकरीतला अनुभव, फौजेच्या तळावर शिकलेली बाजाराची रीत, हॉटेलात शिकलेला पाहुणचार, आयर्लंडमध्ये शिकलेली इंग्रजी, सगळं एकत्र कामी आलं.

एक खोट

या यशात एक खोट आहे, आणि ती सांगितली नाही तर गोष्ट अर्धवट राहील. चंपीच्या पुस्तकात दीन मुहम्मद यांनी आपला जन्म १७४९ चा दाखवला, म्हणजे खऱ्यापेक्षा दहा वर्षं आधीचा. त्या वाढीव वर्षांत आपण कलकत्त्यात वैद्यकीचं शिक्षण घेतलं, असा दावा केला. खरं तर तेव्हा ते लहान मूल होते.

डॉक्टरांच्या मक्तेदारीत एका परक्या माणसाला उभं राहायचं होतं, म्हणून त्यांनी तसं केलं असेल. पण गंमत अशी, की त्यांना या खोट्याची गरज नव्हती. दर्शनी जागेतल्या कुबड्या पुरेशा बोलत होत्या. रोगी त्यांच्या हाताच्या गुणावर येत होते, पदवी बघून नव्हे. आपल्याकडे व्यापाराला इतका मान आहे तो सचोटीच्या व्यापाराला. आपल्या मुलांना ही गोष्ट सांगताना हा भाग गाळू नये. मेहनत त्यांच्याकडून घ्यावी, हे घेऊ नये.

शेवटचे धक्के

यश आलं म्हणून धक्के थांबले नाहीत. चंपीची चलती पाहून नकला करणारे निघाले आणि तेच नाव लावून धंदा करू लागले. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणी गादीवर आली. तिला ब्रायटन फारसं आवडलं नाही. दरबार सरकला तशी बड्या लोकांची वर्दळही कमी झाली. मग भांडवल घालणारा भागीदार वारला आणि स्नानगृहाची इमारत लिलावात गेली. ज्या जागेला दीन मुहम्मद यांचं नाव होतं, ती विकत घेण्याइतका पैसा त्यांच्याकडे नव्हता. ऐंशीच्या घरात असताना त्यांना पुन्हा छोट्या जागेत धंदा हलवावा लागला.

म्हणजे पहिल्या धक्क्यातून ते बरंच शिकले होते, पण सगळं नाही. दुसऱ्याच्या भांडवलाने चढलेला माणूस चांगल्या दिवसांत हळूहळू जागा स्वतःच्या नावावर करत गेला नाही, तर शेवटी नाव राहतं आणि इमारत जाते. एकाच प्रकारच्या बड्या गिऱ्हाइकावर भिस्त ठेवण्याची लंडनमधली चूकही वेगळ्या रूपात परत आली. तिथे कंपनीचे साहेब होते, इथे राजदरबार.

डिसेंबर १८५० मध्ये जेनचं निधन झालं. पाठोपाठ २४ फेब्रुवारी १८५१ रोजी दीन मुहम्मद यांनीही ब्रायटनमध्ये डोळे मिटले. त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर महोमेद पुढे लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाला आणि रक्तदाबावरच्या त्याच्या संशोधनाला वैद्यकाच्या इतिहासात मान मिळाला. आजोबांनी जी पदवी खोटी सांगितली होती, ती नातवाने शिकून मिळवली.

आपल्यासाठी काय?

ज्या घरात नुकतंच एखादं दुकान बंद पडलं असेल, त्यांनी ही गोष्ट हिशोबाच्या वहीसारखी वाचावी. थोडा वेळ गेल्यावर, राग आणि लाज दोन्ही ओसरल्यावर, घरातल्यांनी एकत्र बसावं आणि तीन प्रश्न कागदावर लिहावेत. आपण जे विकत होतो ते गिऱ्हाइकाला दुसरीकडे किंवा घरीच सहज मिळत होतं का? आपण गिऱ्हाइकाच्या वाटेवर बसलो होतो, की गिऱ्हाइकाने वाट वाकडी करून यावं अशी अपेक्षा होती? आणि गल्ला भरायला उशीर झाला असता तर किती महिने आपण टिकलो असतो?

उत्तरं मिळाली की चौथा प्रश्न : या बुडालेल्या धंद्यातून हातात कोणतं कसब उरलं? दीन मुहम्मद यांच्या हातात दिवाळं निघाल्यावर पैसा नव्हता, पण पाहुण्याला कसं सांभाळायचं हे माहीत होतं आणि दोन हातांत चंपी होती. तोवर पोटासाठी नोकरी करावी लागली तर करावी. त्यांनीही शोधली. आणि धंदा पुन्हा चालायला लागला, की चांगल्या दिवसांतच जागेचा आणि शिलकीचा विचार करावा. ते त्यांच्याकडून राहून गेलं.

२००५ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात जॉर्ज स्ट्रीटवर त्यांच्या नावाची हिरवी पाटी लावण्यात आली. ती राजाच्या चंपीवाल्याच्या कीर्तीची पाटी नाही. हिंदुस्तानी कॉफी हाउस जिथे होतं, ती जागा ती दाखवते. दीन मुहम्मद यांचं दिवाळं निघालं होतं तेच ते हॉटेल.